दोन ठाणीं

‘ठाणें’ या शब्दाचे आमच्या डोंबिवली-कल्याणकडील बोलण्यांत दोन अर्थ आहेत. एक ठाणें पोलिसांचें. दुसरें ठाणें हें शहर, आणि त्या नांवासरशीं मनांत येणारें तेथील मनोरुग्णालय. ‘याला आतां ठाण्याला धाडा’ हा विनोद घरोघर चालतो, आणि कोणतें ठाणें तें कोणास विचारावें लागत नाहीं. परंतु घरांतील एखाद्याचें भान खरोखरच हरपलें, तो मध्यरात्रीं आंतून कडी लावून आरडाओरडा करूं लागला, म्हणजे थट्टेंतलें ठाणें विसरून घरचीं माणसें पोलिसांच्या ठाण्याकडे धांवतात. ताप चढला तर डॉक्टर आणि मन बिघडलें तर शिपाई, ही वांटणी केली कोणी? ती निसर्गानें केलेली नाहीं. ती कायद्यानें केली, आणि तिला इतिहास आहे.

१८५८ सालीं कंपनीचें राज्य जाऊन राणीचें आलें. त्याच वर्षाच्या ३६ व्या कायद्यानें मोकाट फिरणाऱ्या वेड्यांस धरून मॅजिस्ट्रेटाकडे पाठविण्याचें काम पोलिसांवर सोंपविलें. १९१२ च्या ल्यूनसी अ‍ॅक्टानें तीच रीत कायम केली. असा मनुष्य हिंडतांना दिसला तर पोलिस अधिकाऱ्यास त्याला अटक करण्याची मुभा होती. तो धोक्याचा वाटला तर अटक करणें हें कर्तव्यच होतें. चोरास लावावयाचें क्रियापद रोग्यास लागलें. आधीं शिपाई, मग मॅजिस्ट्रेट, आणि त्यानंतर डॉक्टर, असा तो क्रम होता. यांत निव्वळ क्रौर्य होतें असें आम्ही म्हणत नाहीं. त्या काळीं तालुक्याच्या गांवीं मनोविकारांचा डॉक्टर कोठून मिळणार? पोलिस मात्र होते. शिवाय सरकारास चिंता होती ती रोग्याच्या मनाची नव्हे, रस्त्यावरील शांततेची.

ठाण्याचें इस्पितळ १९०१ सालीं उघडलें. नरोत्तमदास माधवदास यांच्या नांवानें तें पुष्कळ वर्षें ओळखलें जात असे. विसाव्या शतकाच्या आरंभीं अशा संस्थांवरील देखरेख तुरुंगखात्याकडून वैद्यकीय खात्याकडे आली, आणि पुढें ‘असायलम’ हा शब्द जाऊन ‘मेंटल हॉस्पिटल’ ही पाटी लागली. सुधारणा खरी होती, पण ती कुंपणाच्या आंतली. इमारतींत डॉक्टर आला. तिच्या दारापर्यंतचा रस्ता शिपायाकडेच राहिला. आमच्या मतें या साऱ्या इतिहासाचें मर्म हेंच आहे.

त्याची किंमत कुटुंबांनीं मोजली. पोलिसांची गाडी चाळीशीं उभी राहिली कीं शेजाऱ्यांच्या लेखीं रोगी हा आरोपी होतो. ती लाज टाळण्यासाठीं माणसें दार लावून बसतात, आणि वेळींच आवरला असता तो रोग हाताबाहेर जातो.

१९१२ चा कायदा ८० वर्षांहून अधिक काळ टिकला. १९८७ चा नवा कायदा १९९३ सालीं अमलांत आला, आणि त्याच्या जागीं २०१७ चा मानसिक आरोग्य कायदा २९ मे २०१८ पासून लागू झाला. याचें १०० वें कलम पोलिसांचें काम ठेवतें, पण त्याचें रूप पालटतें. ‘अटक’ गेली, ‘संरक्षण’ आलें. अशा माणसास कोठडींत ठेवतां येत नाहीं, आणि २४ तासांच्या आंत त्यास जवळच्या सरकारी आरोग्यसंस्थेंत न्यावें लागतें. ९४ वें कलम याहून महत्त्वाचें आहे. जीवावर बेतण्यासारखा प्रसंग असल्यास कोणाही नोंदणीकृत डॉक्टरास इस्पितळाबाहेरसुद्धां तातडीचा उपचार करतां येतो. त्याची मुदत ७२ तासांची. म्हणजे डॉक्टरानें रोग्याच्या दारीं जाण्यास कायद्याची आडकाठी नाहीं; उणीव आहे ती जाणाऱ्यांची.

जाणारे मुळींच नाहींत असें नाहीं. कल्याणच्या पुढें, याच लोहमार्गावर, कर्जत आहे. डॉ. भरत वाटवानी व डॉ. स्मिता वाटवानी यांनीं १९८८ सालीं आरंभिलेल्या श्रद्धा पुनर्वसन केंद्राचें तेथें २००६ पासून ठाण आहे. रस्त्यांत भरकटलेल्या रोग्यापाशीं डॉक्टर व कार्यकर्ते स्वतः जातात, त्यास आणून उपचार करतात आणि घर शोधून पोंचवितात. हजारों माणसें अशीं घरीं परतलीं. २०१८ सालीं डॉ. भरत वाटवानी यांस मॅगसेसे पारितोषिक मिळालें.

अमेरिकेंत ऑरेगन संस्थानांतील युजीन शहरीं १९८९ पासून अशा हांकेस शिपायाऐवजीं एक वैद्यकीय सेवक व एक समुपदेशक निःशस्त्र जात असत. ती सेवा त्या शहरांत एप्रिल २०२५ मध्यें पैशाअभावीं बंद पडली. चांगलें काम केवळ सद्‌भावावर उभें राहिलें तर किती काळ टिकेल, हें त्यावरून दिसतें.

आपल्याकडे पाया तयार आहे. महाराष्ट्रांत २०१४ पासून १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका डॉक्टरासह येते. अशा ९३७ गाड्या तेव्हां सुरू झाल्या. १० ऑक्टोबर २०२२ पासून १४४१६ या क्रमांकावर ‘टेलि-मानस’चे समुपदेशक दूरध्वनीवर बोलतात. एकाकडे चाकें आहेत, दुसऱ्याकडे मनाची जाण आहे. दोहोंची गांठ घालून मनोविकारांची शिकलेली एक परिचारिका त्या गाडींत बसविणें हें आरोग्यखात्याच्या आवाक्याबाहेरचें नाहीं. हातांत कोयता घेतलेल्या माणसापुढें पोलिस लागतील, हें आम्हांस मान्य आहे. त्यांनीं यावें, पण मागून यावें. आणि ज्याच्या हातीं कांहींच नाहीं अशा घाबरलेल्या जीवापुढें त्यांनीं येण्याचें कारण नाहीं. १८५८ मध्यें डॉक्टर मिळत नव्हता म्हणून शिपाई पाठविला. आतां डॉक्टर मिळतो. तेव्हां तो क्रम उलटावयास हवा.