मिठाचं पाणी आणि अण्णांचा खोकला

अण्णांचं नेब्युलायझर सुरू झालं की आमच्या गंगापूरच्या घरात टीव्ही बंद करावा लागतो. त्या घरघरीत काही ऐकूच येत नाही. पहिल्या दिवशी अण्णांनी विचारलं, "काय औषध आहे रे ह्यात?"

"मीठ आणि पाणी. तीन टक्के मीठ."

"मग एवढं मशीन कशाला? वाफारा घेतला असता ना!"

प्रश्न बिनतोड वाटला खरा. पण मिठाचं पाणी उकळलं की वाफ तेवढी वर येते, मीठ पातेल्यातच राहतं. मीठ छातीत पोचवायचं तर पाण्याचे बारीक तुषारच करायला हवेत. ही अडचण जुनीच आहे. 1858 साली फ्रान्समध्ये साल-जिरों नावाच्या डॉक्टरांनी हातपंपाचं यंत्र केलं, ते झऱ्यांचं खनिजयुक्त पाणी असंच तुषार करून रुग्णांना हुंगवण्यासाठी. अण्णांच्या मशीनचा तो पणजोबाच म्हणायचा.

मिठावरचा विश्वास मात्र त्याहूनही आधीचा. पोलंडमधल्या व्येलिच्का इथल्या मिठाच्या खाणीचे डॉक्टर बोच्कोव्स्की यांनी 1843 साली पुस्तकच लिहिलं, की खाणीतली खारी हवा छातीच्या दुखण्यांवर गुणकारी आहे. तो अनुभव होता, पुरावा नव्हे.

पुरावा यायला दीडशेहून जास्त वर्षं लागली. सिस्टिक फायब्रोसिस हा जन्मजात आजार, त्यात छातीतला कफ डिंकासारखा घट्ट होतो. ऑस्ट्रेलियात डॉक्टरांच्या लक्षात आलं, की समुद्राच्या लाटांवर सर्फिंग करणाऱ्या अशा रुग्णांना जरा बरं वाटतं. मग 164 रुग्णांवर 48 आठवडे प्रयोग झाला. काहींना सात टक्के मिठाचं पाणी (समुद्राच्या साधारण दुप्पट खारट), काहींना साधं सलाईन. निष्कर्ष जानेवारी 2006 मध्ये छापून आले: फुफ्फुसाच्या क्षमतेत फरक थोडाच, पण दुखणं उसळण्याच्या वेळा बऱ्याच कमी.

हे होतं कसं? आईला लोणचं घालताना पाहिलंय ना? कैरीच्या फोडींना मीठ चोळून ठेवलं की पाणी सुटतं. श्वासनळ्यांतही मीठ असंच पाणी ओढून आणतं, कफ पातळ होतो आणि खोकून पडतो.

पण अण्णांचा आजार वेगळा. तरुणपणी त्यांना क्षय झाला होता. औषधांनी तो बरा झाला, पण काही श्वासनळ्या कायमच्या रुंद आणि सैल होऊन बसल्या. त्यांत कफ साठतो, सडतो, पुन्हा ताप. ह्याला ब्रॉन्किएक्टेसिस म्हणतात. 2019 साली भारतातल्या अशा 2195 रुग्णांची नोंदवही प्रसिद्ध झाली. त्यात सर्वाधिक आढळलेलं कारण हेच, जुना क्षय; शंभरात पस्तीसेक जणांना. म्हणजे अण्णा एकटे नाहीत.

आणि 2025 साली ब्रिटनमधल्या ब्रॉन्किएक्टेसिसच्या 288 रुग्णांवरच्या प्रयोगाचा निकाल आला. वर्षभर खारं पाणी हुंगूनही दुखणं उसळण्याच्या वेळा म्हणाव्या तशा घटल्या नाहीत. वाचून मी गप्पच बसलो. सर्फिंगवाल्यांचं यश मी मनातल्या मनात अण्णांच्या नावावर जमा करून टाकलं होतं!

दुसऱ्या दिवशी त्यांना सांगून टाकलं. ते म्हणाले, "म्हणजे ताप यायचा तो येणारच?"

"कदाचित. पण बेडका सुटतो का?"

"सुटतो. रात्री झोप लागते."

"मग डॉक्टरांना विचारून ठरवू."

"अन् चालू ठेवायचं म्हणाले तर मीठ घरीच कालवू. पैसे वाचतील."

तेवढं मात्र करायचं नाही, हे बजावून सांगितलं. ते पाणी निर्जंतुकच लागतं. शिवाय काहींची छाती ह्या मिठाने आवळते, म्हणून पहिला डोस दवाखान्यातच द्यायचा असतो.

अण्णांनी मान हलवली आणि मशीनचं बटण दाबलं. मी उठून टीव्ही बंद केला.