एल्फ : न उडालेल्या यानाकडून काय शिकायचं?

जे यान उडालंच नाही त्याचा इतिहास कशाला वाचायचा? 'एन्सेलाडस लाइफ फाइंडर', थोडक्यात 'एल्फ', हे असंच कागदावर राहिलेलं यान. पण प्रपोजल लिहायला बसणाऱ्याने ते वाचावंच, असं मला वाटतं.

थोडं मागे जाऊ. शनीचा हा चंद्र विल्यम हर्शेलने १७८९ मध्ये शोधला. व्यास जेमतेम ५०० किमी. एवढासा गोळा कधीच थंड पडला असणार, असंच वाटत होतं. २००५ च्या सुरुवातीला कॅसिनी यान जवळून गेलं, तेव्हा मॅग्नेटोमीटरला शनीचं चुंबकीय क्षेत्र या चंद्राजवळ वळलेलं दिसलं. मिशेल डॉहर्टी यांनी आग्रह धरला, पुढच्या वेळी आणखी जवळून जाऊ. जुलैमध्ये यान सुमारे १७३ किमीवरून गेलं आणि कळलं, की दक्षिण ध्रुवाकडच्या भेगांतून वाफ आणि बर्फाचे कण बाहेर पडताहेत. २०१५ मध्ये चंद्राच्या किंचित डुलण्यावरून बर्फाखाली सगळीकडे समुद्र असल्याचं दिसून आलं. म्हणजे उतरायला नको, खणायला नको. सॅम्पल आपणहून वर येतंय!

मग कॅसिनीनेच जीवसृष्टी का नाही शोधली? कारण फवारे सापडण्याआधीच त्याची उपकरणं बनली होती. वायू तपासणारा मास स्पेक्ट्रोमीटर वस्तुमान ९९ पर्यंतच मोजायचा. त्याहून मोठे रेणू त्याच्या आवाक्याबाहेर.

ही उणीव भरून काढायला कॉर्नेल विद्यापीठाच्या जोनाथन लुनाइन यांच्या गटाने २०१५ मध्ये नासाकडे एल्फ मांडलं. फवाऱ्यांतून पुन्हा पुन्हा जायचं आणि दोन मास स्पेक्ट्रोमीटरांनी तीन चाचण्या करायच्या. पहिली, अमिनो आम्लं : निर्जीव रसायनात ग्लायसिनसारखी साधी आम्लं खूप आणि गुंतागुंतीची फार कमी, जीवांत हे गणित बदलतं. दुसरी, मेदाम्लं : पेशी कार्बन दोन-दोनने जोडते, त्यामुळे सम संख्या जास्त दिसते. तिसरी, मिथेन आणि त्याच्या भाऊबंदांमधली समस्थानिकं.

तीनच का, एक का नाही? याचं उत्तर १९७६ मध्ये आहे. मंगळावर व्हायकिंगच्या एका प्रयोगात मातीला पोषक द्रव दिल्यावर वायू बाहेर पडला; म्हणजे जीव आहेत? पण दुसऱ्या उपकरणाला त्या मातीत सेंद्रिय रेणूच सापडले नाहीत. वाद आजही पूर्ण मिटलेला नाही. म्हणून एल्फने एकमेकींवर अवलंबून नसलेल्या चाचण्या निवडल्या, आणि कोणत्या निकालाचा काय अर्थ लावायचा हे आधीच ठरवलं.

तरीही २०१५ च्या अंतिम पाचांत एल्फ आलं नाही. २०१७ मध्ये न्यू फ्रंटियर्ससाठी पुन्हा प्रयत्न झाला, पुन्हा नकार. २०१९ मध्ये टायटनवर जाणारं ड्रॅगनफ्लाय निवडलं गेलं. पण विषय संपला नाही. २०२२ च्या अमेरिकी दशकीय आराखड्यात मोठ्या मोहिमांमध्ये युरेनसच्या खालोखाल 'एन्सेलाडस ऑर्बिलँडर' आहे, आणि अमिनो आम्लं-मेदाम्लांच्या चाचण्या त्यातही आहेत.

नाकारलं गेलं ते यान; प्रश्नाची मांडणी टिकली. तुमच्या सिनॉप्सिसमध्येही पद्धतीच्या भागाआधी एक ओळ लिहून बघा : कोणता निकाल आला, तर मी माझं म्हणणं मागे घेईन? ती ओळ लिहिता येत नसेल, तर उपकरण निवडायची वेळ अजून आलेली नाही.