नमुना 14 मधला खानदेशचा ताप

2023 च्या अखेरीस कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला आणि राज्यातल्या बाकी जिल्ह्यांप्रमाणे जळगाव-धुळ्याच्या तहसील कचेऱ्यांतही जुनी दप्तरे बाहेर निघाली. मोडी वाचणाऱ्यांना एकदम भाव आला. या शोधात हमखास उघडले जाणारे दप्तर म्हणजे गाव नमुना 14, जन्ममृत्यूची नोंदवही. लोक तिला कोतवाल बुक म्हणतात. एकेका ओळीत तारीख, नाव, बापाचे नाव, जात, वय आणि मरणाचे कारण. शोधणाऱ्याचे बोट जातीच्या रकान्यावर येऊन थांबते, नक्कल निघते, वही मिटते. पणजोबा कशाने गेले, हे त्याच ओळीत लिहिलेले असते, पण त्याची नक्कल कोणाला नको असते. खानदेशच्या साथींचा आणि एकूण आरोग्याचा इतिहास लिहायचा तर या वहीइतका गावागणिक पुरावा दुसरा नाही. मात्र जात आणि कारण हे दोन्ही रकाने एकत्र वाचले तरच तो बोलू लागतो, असे माझे म्हणणे आहे.

यावर पहिला आक्षेप ठरलेला आहे. नोंद देणारा कोतवाल, लिहिणारा पाटील नाहीतर कुलकर्णी. रोगनिदान यांना काय कळणार? आक्षेप खरा आहे. इंग्रजी अमदानीत मरणाची कारणे मोजक्या खणांत बसवत: पटकी, देवी, प्लेग, ताप, अतिसार-आमांश, श्वसनाचे विकार, इजा आणि उरलेले सगळे ‘इतर’. पटकी, देवी आणि गाठीचा प्लेग गावातल्या कोणालाही ओळखू येत. बाकीचे बहुतेक तापात जात. हिवताप, विषमज्वर, बाळंतरोग, क्षय, सगळ्यांना एकच खण. म्हणून छापील कोष्टकांत तापाचा आकडा कायम सर्वांत मोठा दिसतो, आणि त्यावरून हिवतापाने किती माणसे मेली हे सांगू पाहणारा फसतो. पण साथ शोधायला कारणापेक्षा तारीख जास्त उपयोगी पडते. 1918 ची मानमोडी, म्हणजे इन्फ्लुएंझा, घ्या. तिच्यासाठी खण नव्हताच. तिचे पुष्कळसे बळी ताप म्हणूनच लिहिले गेले. तरीही त्या सप्टेंबर-ऑक्टोबरच्या मृत्यूंतून आधीच्या वर्षांतल्या त्याच महिन्यांची सरासरी वजा केली की उरलेला आकडा साथीचा. मिल्स या अभ्यासकाने 1986 मध्ये मुंबई इलाख्याचा असाच हिशेब मांडला. इलाख्यात दहा लाखांहून अधिक माणसे गेल्याचे दिसते, त्यांत वीस ते चाळीस वयाची जास्त, आणि पुरुषांपेक्षा बायका जास्त. कोविडचे खरे बळी मोजायला जगाने वापरली तीही हीच वजाबाकी. निदान चुकलेली वहीसुद्धा खरे सांगते ते असे.

आता जातीचा रकाना. मुंबई शहरात त्या साथीत खालच्या मानल्या गेलेल्या हिंदू जातींचा मृत्युदर हजारी 61.6 होता आणि युरोपियनांचा 8.3. विषाणू एकच होता. फरक होता खोलीत निजणाऱ्या माणसांच्या संख्येत, पोटातल्या अन्नात आणि आजाऱ्याला पाणी द्यायला कोणी उभे आहे की नाही यात. 1918 साली पाऊसही दगा देऊन गेला होता, तेव्हा भुकेचा वाटा वेगळा काढणे अवघडच. खानदेशात असा हिशेब करता येईल, कारण 1931 पर्यंतच्या जनगणनांत जातवार लोकसंख्या आहे आणि नमुना 14 मध्ये जातवार मृत्यू. शिवाय भुसावळला नागपूरचा आणि इटारसीचा फाटा फुटतो, सुरतेहून तापीकाठची गाडी जळगावला येऊन मिळते. स्टेशनाच्या गावात आणि रुळांपासून दूरच्या गावात पहिला मृत्यू किती दिवसांच्या अंतराने पडला, हे ताडून पाहिले तर साथ आगगाडीने आणली की बाजाराने, याचा निकाल लागेल. एरवी आपण तो अंदाजानेच लावतो.

दुसरा आक्षेप जास्त बोचरा आहे, आणि त्याला माझ्याकडे अर्धेच उत्तर आहे. जिथे रोग जास्त, तिथे नोंद कमी. धडगाव-अक्राणीच्या डोंगरातल्या भिल्ल-पावरा पाड्यांवरचे मरण वहीपर्यंत पोचण्याची शक्यता सपाटीवरच्यापेक्षा कितीतरी कमी होती. पश्चिम खानदेश तापाचा मुलूख म्हणून साहेबी अंमलदारांत बदनाम होता, पण तिथे राहणाऱ्यांची गणती करण्याइतके कोणी तिथे थांबले नाही. साथ ऐन भरात असताना गावेच बाहेर झोपड्यांत जात, लिहिणाराही आजारी पडे. म्हणजे वहीतला आकडा नेहमी किमान आकडा धरायचा आणि कोऱ्या पानाचा अर्थ निरोगी गाव असा कधीच घ्यायचा नाही. शिवाय जो मेला नाही तो वहीत नाहीच. बहिणाबाई चौधरींचे पुत्र ओंकार यांना प्लेगने कायमचे अपंगत्व आले. अशा माणसांचा रकाना कोणत्याच सरकारने आखला नव्हता. त्यासाठी घरोघरच्या आठवणी, दवाखान्यांची दप्तरे, मिशनऱ्यांची पत्रे चाळावी लागतील. पण पुरावा अपुरा आहे म्हणून आहे तोही टाकून द्यावा, हे काही पटत नाही.

खानदेशाला कागद जपणे नवे नाही. इतिहासाचार्य राजवाडे 1926 मध्ये धुळ्यात वारले आणि त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ धुळ्यातच उभे राहिले. त्यांनी जमवलेल्या सनदा आणि पत्रांइतकेच मोल या मळक्या वह्यांनाही आहे. नोंदी स्कॅन होत आहेत, सूचीही होत आहेत. ही सूची करताना जातीच्या रकान्याबरोबर तारीख, वय आणि कारण हे तीन रकानेही उतरवून घ्या, एवढी मागणी जिल्हाधिकारी कार्यालयांकडे आणि जळगावच्या विद्यापीठाकडे आहे. मोडी वाचणारा माणूस वहीसमोर बसलेलाच आहे, तोवर हे काम उरकून घ्यावे.