मुभा, सल्ला आणि हक्क : ४ ऑगस्ट १९२३ च्या बोले ठरावाची भाषा

१

विधिमंडळाच्या कामकाजाचा इतिहास लिहिताना अभ्यासकाचे लक्ष स्वाभाविकपणे दोन गोष्टींकडे जाते : ठराव कोणी मांडला, आणि तो संमत झाला की नाही. या दोन प्रश्नांची उत्तरे मिळाली म्हणजे त्या दिवसाची नोंद पुरी झाली, असे आपण समजतो. परंतु ठराव म्हणजे अखेर एक वाक्य असते. त्या वाक्याला कर्ता असतो किंवा नसतो. त्याचे क्रियापद आज्ञा करते, शिफारस करते किंवा नुसती इच्छा प्रकट करते. आणि सभागृहाबाहेर पडल्यावर ते वाक्य ज्या ज्या कचेरीतून जाते, तेथे तेथे त्याचे क्रियापद पालटण्याचा संभव असतो. मुंबई कायदे कौन्सिलात ४ ऑगस्ट १९२३ रोजी संमत झालेल्या, ‘बोले ठराव’ या नावाने प्रसिद्ध असलेल्या ठरावाचा या दृष्टीने विचार करावा, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

या ठरावाचा उल्लेख सामान्यतः महाडच्या सत्याग्रहाची पूर्वपीठिका म्हणून केला जातो. ठराव झाला, तो अमलात आला नाही, म्हणून सत्याग्रह करावा लागला, असा हा क्रम आहे. तो चुकीचा नाही. परंतु ‘अमलात आला नाही’ या तीन शब्दांत बरेच काही झाकले जाते. अंमल न होण्याचे कारण समाजातील सनातनी वृत्ती हे होतेच. तथापि त्या वृत्तीला निवारा मिळेल अशी जागा ठरावाच्या आणि त्यावरील सरकारी निर्णयाच्या वाक्यरचनेतच होती, असे माझे प्रतिपादन आहे.

२

ठराव मांडणारे सीताराम केशव बोले हे मुंबईच्या कामगार चळवळीतील जुने कार्यकर्ते होते. १९०९ साली स्थापन झालेल्या कामगार हितवर्धक सभेशी त्यांचे नाव निगडित आहे. ज्या कौन्सिलात त्यांनी हा ठराव आणला, ते १९१९ च्या सुधारणा कायद्यान्वये अस्तित्वात आलेले होते. या कायद्याने प्रांतिक कारभाराची ‘राखीव’ आणि ‘सोपीव’ अशी विभागणी केली होती व स्थानिक स्वराज्य हे खाते सोपीव खात्यांपैकी, म्हणजे मंत्र्याकडे सोपविलेले होते. अस्पृश्य मानल्या गेलेल्या वर्गांना कौन्सिलात निवडणुकीची जागा नव्हती; त्यांचे प्रतिनिधित्व सरकारी नेमणुकीवर अवलंबून होते. ज्यांच्या पाण्याचा प्रश्न त्या दिवशी सभागृहापुढे होता, त्यांना तेथे आपल्या मताने पाठविलेला आपला माणूस नव्हता, ही गोष्ट ठरावाची भाषा वाचताना विसरता येत नाही.

कौन्सिलातील ठराव आणि कायदा यांतील भेदही येथे ध्यानात घेतला पाहिजे. विधेयक संमत होऊन त्याला गव्हर्नर व गव्हर्नर-जनरल यांची संमती मिळाली म्हणजे त्याचा कायदा होई. ठराव मात्र नियमानुसार सरकारला केलेल्या शिफारशीच्या स्वरूपातच मांडावा लागे आणि तो सरकारवर बंधनकारक नसे. त्यामुळे ‘हे कौन्सिल शिफारस करते’ हे या ठरावाचे मुख्य क्रियापद बोल्यांनी निवडलेले नाही. ते त्यांना नियमांनी दिलेले आहे. विवेचन करावयाचे ते त्यापुढील आशयाचे.

३

मूळ ठराव इंग्रजीत आहे. त्याचा आशय असा : सार्वजनिक पैशातून बांधलेली व राखलेली, अथवा सरकारने नेमलेल्या किंवा कायद्याने निर्माण केलेल्या संस्थांच्या व्यवस्थेखाली असलेली सर्व सार्वजनिक पाणवठ्याची ठिकाणे, विहिरी आणि धर्मशाळा, तसेच सार्वजनिक शाळा, न्यायालये, कचेऱ्या व दवाखाने अस्पृश्य वर्गांना वापरू देण्यात यावेत.

यातील तीन गोष्टी भाषेच्या अभ्यासकाला थांबवितात.

पहिली गोष्ट ‘सार्वजनिक’ या शब्दाची. त्या काळच्या गावात ‘सार्वजनिक विहीर’ म्हणजे व्यवहारात सवर्णांच्या सर्व घरांची विहीर. शब्दातील ‘सर्व’ कोठे संपतो हे रूढी ठरवीत असे आणि ती मर्यादा इतकी परिचित होती की ती शब्दाने सांगावी लागत नसे. ठरावाने या शब्दाची व्याख्या वापरावरून केली नाही. ती पैशावरून आणि व्यवस्थेवरून केली. पाणी कोण भरतो यावरून नव्हे, तर बांधणी व निगराणी कोणाच्या पैशातून होते आणि व्यवस्था कोण पाहतो यावरून पाणवठा सार्वजनिक ठरेल, असे त्याने म्हटले. माझ्या मते ठरावाचे हेच सर्वांत मोठे कार्य होय. कर देणाऱ्यांत महारही होते, चांभारही होते; सार्वजनिकतेची कसोटी पैशावर नेली की त्यांना वगळणारी रूढी निराधार ठरते.

दुसरी गोष्ट उभयान्वयी अव्ययांची. ‘बांधलेली व राखलेली’ येथे ‘व’ आहे; त्यापुढे व्यवस्थेचा उल्लेख येतो तेथे ‘अथवा’ आहे. जुन्या तळ्यांपैकी कित्येकांच्या बाबतीत ती सार्वजनिक पैशातून बांधली गेली असे सिद्ध करणे अशक्य होते. कायद्याने निर्माण झालेल्या संस्थेच्या, म्हणजे नगरपालिकेच्या वा लोकल बोर्डाच्या व्यवस्थेखालील पाणवठा या ‘अथवा’मुळे ठरावाच्या कक्षेत आला. महाडचे चवदार तळे ठरावात बसते ते या एका अव्ययाच्या आधारावर.

तिसरी गोष्ट क्रियापदाच्या रूपाची. ‘वापरू देण्यात यावेत’ ही रचना आपल्या कारभारी मराठीत आज इतकी रुळली आहे की तिच्यातील उणीव जाणवत नाही. मूळ इंग्रजी रचनाही अशीच कर्मणी आहे. वापरणारा कोण ते सांगितले आहे, वापरण्याची वस्तू सांगितली आहे. परंतु ‘देणारा’ कोण? ती जागा रिकामी आहे. शिवाय ‘देणे’ हे क्रियापद गृहीत धरते की ज्याच्याजवळ आहे तो देतो आणि ज्याच्याजवळ नाही तो घेतो. म्हणजे व्याख्येत जे सर्वांचे म्हणून मान्य केले, ते क्रियापदात पुन्हा कोणाच्या तरी मालकीचे झाले. ठरावाने हक्क सांगितला नाही, मुभा सुचविली.

४

कर्त्याची ही रिकामी जागा कोणी कशी भरली, ते पुढच्या महिन्यात दिसून येते. ११ सप्टेंबर १९२३ रोजी मुंबई सरकारने या ठरावावर आपला निर्णय प्रसिद्ध केला. त्याची दोन वाक्ये शेजारी ठेवून वाचण्यासारखी आहेत. पहिल्या वाक्यात, सरकारच्या मालकीच्या व सरकारने राखलेल्या जागा आणि संस्था यांच्यापुरता ठराव अमलात आणावा, असा निर्देश सर्व खातेप्रमुखांना आहे. येथे कर्ता स्पष्ट आहे, क्रियापद स्पष्ट आहे आणि ज्याला सांगितले तो अधिकारीही स्पष्ट आहे.

दुसरे वाक्य स्थानिक संस्थांविषयी आहे. ठरावाचा जो भाग या संस्थांना लागू पडतो, त्यातील शिफारस स्वीकारण्याच्या इष्टतेचा विचार करण्याचा सल्ला आपल्या हद्दीतील संस्थांना द्यावा, अशी विनंती कलेक्टरांना करण्यात यावी, असा त्याचा आशय आहे. या वाक्याचा पदच्छेद विद्यार्थ्यांनी अवश्य करून पाहावा. सरकार कलेक्टरला विनंती करते, कलेक्टर संस्थेला सल्ला देतो, संस्था विचार करते, विचार इष्टतेचा, इष्टता स्वीकारण्याची, स्वीकार शिफारशीचा, आणि शिफारस ‘देण्यात यावे’ची. पाणी भरणाऱ्या माणसापर्यंत पोहोचण्यापूर्वी वाक्याला सात पायऱ्या उतराव्या लागतात आणि त्यांपैकी एकाही पायरीवर कोणावर बंधन पडत नाही. ज्या संस्थेने सल्ला ऐकला, विचार केला आणि ‘इष्ट नाही’ असे ठरविले, तिने सरकारी निर्णयाचा भंग केला असे म्हणता येणार नाही. उलट तो अक्षरशः पाळला असेच म्हणावे लागेल.

या सावधगिरीची सरकारची बाजूही न्यायबुद्धीने पाहिली पाहिजे. स्थानिक संस्थांना त्यांचे अधिकार कायद्याने मिळालेले होते आणि नुसत्या ठरावाच्या बळावर त्यांना आज्ञा करणे कायदेशीर ठरले असते काय, ही शंका निराधार म्हणता येत नाही. परंतु सरकारच्या हाती आज्ञेशिवाय दुसरे साधन नव्हते असे नाही. संस्थांना अनुदान सरकारच देत असे. ५ ऑगस्ट १९२६ रोजी बोल्यांनी पुन्हा ठराव आणला, तो नेमका याच साधनाचा : ज्या नगरपालिका व लोकल बोर्डे पूर्वीचा ठराव अमलात आणणार नाहीत, त्यांची अनुदाने बंद करावीत. पहिल्या ठरावात कोठे पोकळी राहिली होती हे तीन वर्षांच्या अनुभवाने त्यांना कळले होते, असा याचा अर्थ लावावयास हरकत नाही.

तुलनेसाठी कोल्हापूरचे उदाहरण घेता येईल. १९१९ साली शाहू छत्रपतींनी आपल्या संस्थानात सार्वजनिक विहिरी, धर्मशाळा, शाळा, दवाखाने, कचेऱ्या येथे अस्पृश्यता पाळू नये, असे हुकूम काढले होते. स्थळांची यादी बोले ठरावाशी बरीच जुळते. भेद आहे तो क्रियापदाचा. एका बाजूला राजाची आज्ञा, दुसऱ्या बाजूला सभेची शिफारस. लोकप्रतिनिधींच्या सभागृहातून आलेले वाक्य एकट्या राजाच्या वाक्यापेक्षा दुबळे असावे, हा विरोधाभास १९१९ च्या सुधारणांच्या मूळ स्वरूपावर प्रकाश टाकतो.

५

महाडच्या नगरपालिकेने जानेवारी १९२४ मध्ये या सल्ल्याचा विचार केला आणि चवदार तळे अस्पृश्यांनी वापरण्यास आपली हरकत नाही, अशा आशयाचा ठराव केला. कुलाबा जिल्ह्यातील एका लहानशा नगरपालिकेने हे पाऊल उचलले, ही गोष्ट लहान नव्हे. तरीही येथे वाक्याचे आणखी एक रूपांतर झाले. ‘देण्यात यावे’ याचे ‘हरकत नाही’ झाले. ‘हरकत नाही’ म्हणणारा मार्गातून बाजूला होतो. परंतु चालण्याची जबाबदारी, आणि दुसऱ्या कोणी वाट अडविली तर त्याला तोंड देण्याची जबाबदारी, चालणाऱ्यावर सोडतो. तीन वर्षे तळ्यावर कोणी गेले नाही. कागदावर हरकत नव्हती, काठावर होती.

२० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि परिषदेसाठी जमलेले लोक तळ्यावर गेले व पाणी प्याले. या घटनेचे सामाजिक महत्त्व सर्वश्रुत आहे. मला येथे तिची व्याकरणिक बाजू दाखवावयाची आहे. ठरावाच्या कर्मणी वाक्यात ‘देणारा’ नव्हता. महाडला जमलेल्यांनी देणाऱ्याची वाट पाहिली नाही. त्यांनी वाक्यच कर्तरी केले. ‘पाणी घेऊ देण्यात यावे’ याच्या जागी ‘आम्ही पाणी घेतो’ हे वाक्य आले आणि त्याबरोबर मुभेचा हक्क झाला. त्याची किंमतही त्याच दिवशी द्यावी लागली. परत निघालेल्या लोकांवर हल्ले झाले. त्यानंतर पंचगव्याने तळ्याची ‘शुद्धी’ करण्यात आली आणि ४ ऑगस्ट १९२७ रोजी, म्हणजे कौन्सिलातील ठरावाला बरोबर चार वर्षे पूर्ण झाली त्या दिवशी, नगरपालिकेने आपला १९२४ चा ठराव मागे घेतला. ‘हरकत नाही’ हे वाक्य मागे घेता येते. त्यात काही दिलेलेच नसते.

६

पुढचा वाद न्यायालयात गेला. डिसेंबर १९२७ मध्ये दिवाणी दावा दाखल होऊन १४ तारखेला तात्पुरता मनाई हुकूम निघाला. त्यामुळे त्या महिन्याच्या दुसऱ्या परिषदेत तळ्यावर जाण्याचा बेत स्थगित करावा लागला. दाव्याचा अंतिम निकाल मुंबई उच्च न्यायालयात १७ मार्च १९३७ रोजी लागला. वादींनी आधार घेतला होता तो रूढीचा, आणि अनादि कालापासून चालत आलेली अशी रूढी त्यांना सिद्ध करता आली नाही. येथे मराठीतील ‘वहिवाट’ या शब्दाची आठवण होते. या एका शब्दाने आपण प्रत्यक्ष वापरही दाखवितो आणि वापरातून दृढ झालेली रूढीही. तळ्यावर वर्षानुवर्षे ज्यांना येऊच दिले नाही, त्यांची वहिवाट नाही म्हणून त्यांना हक्क नाही, असे वर्तुळ या शब्दाच्या दोन अर्थांत लपलेले असते. पैसा आणि व्यवस्था ही बोले ठरावाची कसोटी हे वर्तुळ तोडणारी होती. परंतु ती शिफारशीतच राहिली होती.

ती विधीत यावयास आणखी काही वर्षे लागली. मुंबई प्रांतात हरिजनांच्या सामाजिक असमर्थता दूर करणारा १९४६ चा कायदा झाला. नंतर २६ जानेवारी १९५० रोजी संविधान अमलात आले. त्याच्या पंधराव्या अनुच्छेदाच्या दुसऱ्या खंडातील शब्द बोले ठरावाच्या शेजारी ठेवून पाहावेत. पूर्णतः किंवा अंशतः राज्याच्या पैशातून राखलेल्या, अथवा सर्वसामान्य जनतेच्या वापरासाठी अर्पण केलेल्या विहिरी, तळी, स्नानघाट, रस्ते यांच्या वापराबाबत कोणत्याही नागरिकावर केवळ धर्म, वंश, जात, लिंग वा जन्मस्थान या कारणावरून निर्बंध असणार नाही, असा त्याचा आशय आहे. सार्वजनिकतेची पैशावरची कसोटी येथे तीच आहे. मात्र ‘बांधलेली’ हा शब्द गेला आहे आणि ‘अंशतः’ हा शब्द आला आहे. ‘अस्पृश्य वर्ग’ या पदाच्या जागी ‘नागरिक’ हे पद आहे. आणि मुख्य म्हणजे ‘देण्यात यावे’ नाहीसे झाले आहे. नागरिकाला येथे कोणी काही देत नाही; त्याला अडविण्याचा अधिकारच नाकारलेला आहे. सतराव्या अनुच्छेदाने आणि १९५५ च्या अस्पृश्यता (अपराध) अधिनियमाने या नकाराला दंडाचे बळ दिले.

संविधानाचे हे शब्द थेट बोले ठरावावरून घेतले, असे मी म्हणत नाही. परंतु मसुदा समितीचे अध्यक्ष तेच होते, ज्यांनी शिफारस, सल्ला आणि ‘हरकत नाही’ या तिन्ही क्रियापदांचा मगदूर महाडच्या तळ्याच्या काठी जोखला होता. एवढी गोष्ट नोंदविणे पुरेसे आहे.

७

मग ४ ऑगस्ट १९२३ चा दिवस व्यर्थ गेला काय? तसे म्हणता येणार नाही. त्या ठरावावाचून महाड नगरपालिकेचा १९२४ चा ठराव झाला नसता. आणि तो झाला नसता, तर १९२७ साली तळ्यावर जाणाऱ्यांना ‘आम्ही नवे काही मागत नाही, मान्य झालेलेच वापरतो’ हे म्हणता आले नसते. दुबळ्या वाक्यालाही इतिहासात एक उपयोग असतो : त्याच्या आधाराने सबळ वाक्य उच्चारता येते. मात्र ते उच्चारणारे कोणीतरी यावे लागते.

विधिमंडळाच्या वृत्तांतांचे खंड आपल्या ग्रंथालयांतून पडून आहेत. इतिहासाचे विद्यार्थी त्यांत घटना शोधतात, राज्यशास्त्राचे विद्यार्थी पक्ष शोधतात. त्यांतील क्रियापदे शोधण्याचे काम भाषेच्या विद्यार्थ्यांनी अंगावर घ्यावे. एखाद्या दिवशी सभागृहाने काय केले हे मतांच्या संख्येवरून कळते; पण त्याने कोणावर कोणते बंधन घातले, आणि कोणाला कोणती पळवाट ठेवली, हे त्या दिवशी संमत झालेल्या वाक्याचा पदच्छेद केल्यावाचून कळत नाही.