बळ, भार आणि पकड : शंकरपटाचे गणित



अमेरिकेत मोटारींची एक शर्यत असते. तिला ड्रॅग रेसिंग म्हणतात. सरळ रस्ता, बहुधा पाव मैलाचा. दोन मोटारी शेजारी उभ्या करायच्या, खूण होताच सोडायच्या, आणि निकाल घड्याळाच्या काट्यावर. वळण नाही, डावपेच नाही. 1951 साली या खेळाची तेथे राष्ट्रीय संघटनाही स्थापन झाली. हे वर्णन बुलढाणा जिल्ह्यातील एखाद्या जुन्या शेतकऱ्याला ऐकवा, तो लगेच म्हणेल, "हा त आपला शंकरपटच हाय, बापा!"

आणि त्याचे म्हणणे खरे आहे. सुगी आटोपत आली की विदर्भात गावोगाव पट भरतात. सरळ धावपट्टी, हलका छकडा, त्यावर धुरकरी आणि पुढे बैलांची जोडी. डोळ्याचे पाते लवते न लवते तोच खेळ संपतो. अमरावती जिल्ह्यातील तळेगाव दशासरच्या पटाचे नाव तर साऱ्या विदर्भात घेतले जाते. मोटार असो की बैल, अशा धावेचा वेळ तीनच गोष्टी ठरवितात : ओढणाऱ्याचे बळ, ओढावयाचा भार आणि जमिनीवरची पकड. हा धडा वऱ्हाडाने प्रयोगशाळेत नव्हे, कापसाच्या वाटेवर गिरविला आहे.

1825-26 साली पेस्तनजी आणि विकाजी या पारशी व्यापाऱ्यांनी वऱ्हाडचा कापूस प्रथम मुंबईस पाठविला. तो गाडीतून नव्हे, पाचशे बैलांच्या पाठीवरून गेला. एकूण भार 1,20,000 पौंड; म्हणजे बैलामागे 240 पौंड. पाठीवरचा भार प्रत्येक पावलाला बैलाला उचलावा लागतो. तोच भार चाकावर ठेवला की तो उचलण्याचे काम आख करतो. बैलाला केवळ घर्षणाशी झुंजावे लागते. म्हणून रस्ता मिळताच पाठाळाचा बैल गाडीला जुंपला गेला, आणि तीच जोडी कितीतरी अधिक ओझे नेऊ लागली. पण हा लाभ जमीन कठीण असेपर्यंतच! आपल्या काळ्या मातीत एक पाऊस पडू द्या, चाक तुंब्यापर्यंत रुतते आणि चाकाची सारी पुण्याई चिखलात जाते.

पुढे आगगाडी आली. 1870 साली लॉर्ड मेयो यांच्या हस्ते जलंब-खामगाव फाटा सुरू झाला आणि खामगावच्या कापसाच्या बाजारापर्यंत रूळ पोहोचले. गुळगुळीत रुळावर डबा सहज लोटतो. परंतु त्याच गुळगुळीतपणामुळे इंजिनाचे चाक जागच्या जागी फिरण्याचा धोका असतो. म्हणून इंजिनावर वाळूची पेटी ठेवीत आणि चाक घसरू लागले की रुळावर वाळू सोडीत. बळ अफाट असले तरी पकडीवाचून ते वाया जाते, हे त्या मूठभर वाळूने सिद्ध केले.

आता थोडे गणित. वाफेच्या यंत्राची थोरवी लोकांना पटावी म्हणून जेम्स वॅटने अठराव्या शतकाच्या अखेरीस 'अश्वशक्ती' हे माप रूढ केले : मिनिटाला 33,000 पौंड वजन एक फूट उचलण्याइतके काम. बळ स्थिर आहे आणि पाय घसरत नाहीत असे धरले, तर ठरलेले अंतर कापण्याचा वेळ हा भार भागिले बळ, या संख्येच्या घनमुळाच्या प्रमाणात बदलतो. घनमूळ हा शब्द ऐकून कोणी दचकू नये. त्याचा अर्थ इतकाच की, बळ दुप्पट केले तरी वेळ निम्मा होत नाही. तो सुमारे एक पंचमांशाने घटतो. भार निम्मा केला तरी फळ तेच.

समजा, दोन्ही बैल मिळून 700 किलो, धुरकरी 60 आणि छकडा 60. एकूण भार 820 किलो. सुताराने छकड्यातून वीस किलो लाकूड-लोखंड कमी केले आणि धुरकरीही वीस किलोंनी हलका निवडला, तर भार विसाव्या हिश्श्याने उतरतो आणि दहा सेकंदांच्या धावेत सोळा शतांश सेकंद वाचतात. पट तर शतांशावरच जिंकला वा हरला जातो! म्हणूनच ओझ्याची बंडी वेगळी, माणसांची दमणी वेगळी आणि पटाचा छकडा वेगळा. जुन्या गॅझेटियरांत वऱ्हाडी जनावरांच्या दोन जाती सांगितल्या आहेत, मोठ्या बांध्याची खामगावी आणि लहान चणीची उमरडा. ही दोन नावे वाचली की भार आणि चपळता यांचा जुना तंटाच डोळ्यांपुढे उभा राहतो.

परंतु सगळाच भार वैरी नव्हे. बैलाचे स्वतःचे वजन त्याच्याच खुरांवर पडते आणि खुरांना पकड देते. छकड्याचे वजन मात्र केवळ ओढावे लागते. धुरकरी मागे रेलला तर गाडी उलाळ होते, जू मानेवरून उचलले जाते आणि सुटतानाचा जोर फुकट जातो. सुटण्याच्या क्षणी बळापेक्षा पकडच मोठी. खूर निसटले तर भीमाचे बळही काय कामाचे?

येथे एका कठीण प्रश्नाकडे यावे लागते. केंद्राच्या 2011 च्या अधिसूचनेने खेळासाठी बैलाला शिकविण्यावर बंदी आली. 7 मे 2014 रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती बंदी उचलून धरली. महाराष्ट्राने 2017 मध्ये कायदा दुरुस्त केला, 16 डिसेंबर 2021 रोजी शर्यतींना सशर्त परवानगी मिळाली, आणि 18 मे 2023 रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने राज्याचा कायदा वैध ठरविला. ही बंदी काही आकाशातून पडली नव्हती. तुतारीची आर टोचणे, शेपूट पिरगळणे, हे प्रकार पटावर होत होते, हे आपण कशाला नाकारावे?

पण गणिताला विचारा. टोचल्याने बैलाचे बळ क्षणभर विसाव्या हिश्श्याने वाढले असे मानले, तरी लाभ तेवढाच, जेवढा हलक्या छकड्याने आणि हलक्या धुरकऱ्याने आपण आताच मिळविला! शिवाय टोचलेला बैल बिथरतो, जोडीचा मेळ तुटतो आणि पाऊल चुकते. आर पकड वाढवीत नाही, भार कमी करीत नाही. वेळ घटविण्याचे दुसरे मार्ग सुताराच्या रंध्यात आहेत, नीट दाबलेल्या धावपट्टीत आहेत, वर्षभराच्या चाऱ्यात आहेत आणि जोडी जमविणाऱ्या नजरेत आहेत.

पाचशे बैलांच्या पाठीवरून ज्या प्रांताची समृद्धी चालत गेली, त्याने बैलाचे ऋण पोळ्याच्या एका दिवसात फिटले असे समजू नये. न्यायालयाने पट परत दिला आहे. तो टिकविण्याची जबाबदारी आता धुरकऱ्याच्या हातावर आहे, आणि तो हात रिकामा असावा, एवढेच मागणे आहे.