शशिकला

शशिकला : (४ ऑगस्ट १९३२ – ४ एप्रिल २०२१). हिंदी चित्रपटांतील ज्येष्ठ अभिनेत्री. माहेरचे आडनाव जवळकर, विवाहानंतर सैगल. पडद्यावर मात्र आयुष्यभर केवळ ‘शशिकला’. साठच्या दशकातील सामाजिक व कौटुंबिक चित्रपटांत त्यांनी रंगवलेल्या खल आणि खट्याळ व्यक्तिरेखांमुळे त्या घराघरांत ओळखल्या गेल्या.

त्यांचा जन्म सोलापूर येथे एका मराठी भाषक भावसार कुटुंबात झाला. सहा भावंडांतल्या त्या एक. हे शहर गिरण्यांचे आणि मागांचे. मराठी, कन्नड, तेलुगू आणि दख्खनी या चारही भाषा इथल्या पेठांतून एकाच वेळी कानावर पडतात. वडील व्यापारी आणि चांगले सधन होते. वयाच्या पाचव्या वर्षापासून शशिकला सोलापूर जिल्ह्यातील गावोगावच्या रंगमंचांवर नाचत, गात आणि अभिनय करीत. तेव्हा तो केवळ हौसेचा भाग होता. पुढे वडिलांनी आपल्या धाकट्या भावाला इंग्लंडमध्ये शिकवण्यासाठी मोठा खर्च केला, धंदा बुडाला आणि घरावर दिवाळखोरीची पाळी आली. शिकून मिळवता झालेला भाऊही या कुटुंबाच्या मदतीला आला नाही. तेव्हा लेकीच्या अंगची कला आता घर चालवील, या आशेने सारे मुंबईला आले. ज्या वयात मुली शाळेत जातात, त्या वयात शशिकला कामासाठी स्टुडिओंचे उंबरठे झिजवीत होत्या. पुढच्या अनेक वर्षांत त्यांनी जी मिळेल ती भूमिका का स्वीकारली, हे समजून घेताना ही सुरुवात लक्षात ठेवावी लागते.

गायिका-अभिनेत्री नूरजहाँ यांच्याशी झालेल्या ओळखीने दार उघडले. नूरजहाँचे पती शौकत हुसेन रिझवी त्या वेळी ‘झीनत’ (१९४५) दिग्दर्शित करीत होते. केवळ स्त्रियांनी गायलेली या चित्रपटातील कव्वाली अतिशय गाजली. तीत बसलेल्या मुलींत शशिकला होत्या आणि पुढे नायिका झालेल्या श्यामाही होत्या. रिझवींच्याच ‘जुगनू’त (१९४७) त्यांना काम मिळाले. त्याच वर्षी देशाची फाळणी झाली, नूरजहाँ आणि रिझवी पाकिस्तानात गेले आणि शशिकलांचा आधार तुटला. पंधरा वर्षांच्या मुलीला पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागली. व्ही. शांताराम यांच्या ‘तीन बत्ती चार रास्ता’त (१९५३) त्या एकाच घरात निरनिराळ्या प्रांतांतून आलेल्या सुनांपैकी एक होत्या. वेगवेगळ्या भाषा एका छपराखाली नांदवणारे ते घर सोलापूरच्या मुलीला अनोळखी वाटले नसेल. विशीत असतानाच ओमप्रकाश सैगल यांच्याशी त्यांचा विवाह झाला. त्यांना दोन मुली झाल्या.

बिमल रॉय यांच्या ‘सुजाता’ने (१९५९) शशिकलांना खरी ओळख दिली. त्यात त्या रमा, म्हणजे घरची सख्खी लेक; नूतन यांनी साकारलेली सुजाता अस्पृश्य मानल्या गेलेल्या कुटुंबातून आलेली पोरकी मुलगी. रमासाठी पाहिलेल्या मुलाचे मन सुजातावर जडते. अशा कथेत सख्खी मुलगी मत्सरी दाखवणे सर्वांत सोपे होते. शशिकलांची रमा लाडावलेली आहे, बडबडी आहे, पण तिच्या मनात किल्मिष नाही. पियानोशी बसून ती गाते आणि दुसरीकडे सुजाता त्याच सुरात गुणगुणते, त्या प्रसंगात दोघींमधले प्रेम आणि दोघींमधले अंतर एकदमच दिसते. बंगाली दिग्दर्शकाच्या या चित्रपटातील घर मराठी अभिनेत्रींनी उभे केले आहे, याकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही: नूतन, आईच्या भूमिकेत सुलोचना, सोवळेओवळे पाळणाऱ्या आत्याच्या भूमिकेत ललिता पवार आणि शशिकला.

तरी नायिकापद हाती लागले नाही. किशोरकुमारसोबतचा ‘करोडपती’ (१९६१) त्यांना त्या वाटेवर पुढे नेऊ शकला नाही. मग ताराचंद बडजात्या यांच्या राजश्री संस्थेचा पहिला चित्रपट ‘आरती’ (१९६२, दिग्दर्शक फणी मजुमदार) आला. मीनाकुमारीच्या समोर घरात फूट पाडणाऱ्या कारस्थानी जावेची भूमिका त्यांनी केली आणि उत्कृष्ट साहाय्यक अभिनेत्रीचे फिल्मफेअर पारितोषिक मिळवले. लगोलग बी. आर. चोप्रा यांच्या ‘गुमराह’साठी (१९६३) त्यांना हाच सन्मान पुन्हा मिळाला. विवाहितेला पूर्वीच्या प्रेमावरून धमकावून पैसे उकळणारी लीला ही यातली भूमिका. शेवटी कळते की ती नायिकेच्या पतीचीच सेक्रेटरी असून त्याच्याच सांगण्यावरून हे सोंग करीत होती. म्हणजे शशिकलांना इथे दुष्टपणाचा अभिनय करणाऱ्या बाईचा अभिनय करायचा होता. रहस्य ठाऊक असताना चित्रपट पुन्हा पाहिला, तरी त्यांची जरब कमी वाटत नाही.

या खलनायिकांचे वेगळेपण त्यांच्या उत्साहात होते. ललिता पवार यांची सासू पाहून धास्ती वाटे. शशिकलांची बाई हसत येई, गोड बोले, फिरकी घेई, आणि वार केव्हा झाला हे समोरच्याला नंतर उमगे. विस्कटलेले केस किंवा बटबटीत डोळे यांची त्यांना गरज नव्हती. मान किंचित तिरपी करून टाकलेला एक कटाक्ष पुरे होई. ‘हरियाली और रास्ता’ (१९६२), ‘फूल और पत्थर’ (१९६६), ‘नीलकमल’ (१९६८) अशा चित्रपटांतून ही प्रतिमा पक्की होत गेली. प्रेक्षकांनी दिलेल्या शिव्या हीच कामाची पावती ठरली. निर्मात्यांनी मात्र त्या यशाचा साचा केला आणि त्यात त्यांना अडकवले; एवढ्या मोठ्या ताकदीच्या अभिनेत्रीवर हा अन्यायच होता.

या ताकदीचा पुरावा हृषीकेश मुखर्जी यांनी दिला. ‘अनुपमा’त (१९६६) शर्मिला टागोर यांची नायिका जवळजवळ मुकी, तिच्याभोवतीचा सगळा बोलघेवडेपणा, थट्टा आणि मनमोकळी माया शशिकलांच्या ॲनीकडे आहे. दुःखाने भारलेल्या त्या चित्रपटाला मोकळा श्वास मिळतो तो तिच्यामुळे. प्रस्तुत नोंदीच्या लेखकाच्या मते ही त्यांची सर्वोत्तम भूमिका होय. तिला पारितोषिक नाही, म्हणून ती मागे पडू नये. मुखर्जींनीच ‘खूबसूरत’मध्ये (१९८०) सासूच्या कडक शिस्तीत आपले नृत्य मनात दाबून ठेवलेली थोरली सून त्यांना दिली.

ऐंशीच्या दशकात भूमिका आईपणाकडे आणि सासूपणाकडे झुकल्या. त्यानंतर झगमगाटातून बाहेर पडून काही वर्षे त्यांनी कोलकात्याला मदर तेरेसांच्या संस्थेत रुग्ण व निराधारांची सेवा केली. मुंबईस परतल्यावर दूरचित्रवाणीवरील ‘सोनपरी’ मालिकेतील आजी म्हणून त्या एका नव्या पिढीला परिचित झाल्या. आपल्या आजीआजोबांनी याच बाईंच्या नावाने बोटे मोडली होती, हे त्या मुलांना ठाऊकही नव्हते. ‘बादशाह’ (१९९९), ‘कभी खुशी कभी गम’ (२००१) आणि ‘मुझसे शादी करोगी’ (२००४) यांतही त्यांनी लहान भूमिका केल्या.

भारत सरकारने २००७ मध्ये त्यांना पद्मश्री देऊन गौरवले. वयाच्या ८८ व्या वर्षी मुंबई येथे त्यांचे निधन झाले.