पाच मैलांतलं घर

क्वेकर पंथाचं नाव मराठवाड्यात फारसं कुणाच्या कानावर आलेलं नाही. सतराव्या शतकात इंग्लंडमध्ये जॉर्ज फॉक्सने हा पंथ सुरू केला. या पंथाच्या मूळच्या सभेत पुरोहित नसतो, ठरलेली प्रार्थनाही नसते. माणसं गप्प बसून राहतात आणि कुणाला आतून काही उमगलं तरच तो उठून बोलतो. निर्णयासाठी हात वर करून मतं मोजत नाहीत. सगळ्यांचा कल जुळेपर्यंत थांबतात. साधेपणा, सत्य, समता आणि शांतता ही त्यांच्या आचरणाची सूत्रं. २०११ साली कँटरबरीच्या वार्षिक सभेत ब्रिटनच्या क्वेकरांनी कमी कार्बनवर जगणारा समाज होण्याचं सामूहिक वचन घेतलं. हे वचन मोलाचं आहेच. पण साधेपणातून हवामानाच्या संकटाला उत्तर कसं निघतं, हे पाहायचं तर लातूर जिल्ह्याचा इतिहास अधिक शिकवतो.

त्या इतिहासाशी जोडलेले लॉरी बेकर हे बर्मिंगहॅमचे वास्तुविशारद आणि श्रद्धेने क्वेकर. दुसऱ्या महायुद्धात शस्त्र न धरता ते वैद्यकीय पथकातून चीनला गेले. परतीच्या बोटीची वाट पाहत मुंबईत थांबले असताना त्यांची गांधीजींशी भेट झाली आणि १९४५ मध्ये ते कुष्ठरोग्यांच्या कामासाठी भारतात आले ते कायमचेच. खेड्यातलं घर पाच मैलांच्या आत मिळणाऱ्या सामानातून उभं राहावं, हा गांधीजींचा विचार त्यांनी आयुष्यभर कसोटीसारखा वापरला. विटा कडेवर उभ्या लावून आत पोकळी ठेवायची, म्हणजे सुमारे चौथा हिस्सा विटा वाचतात आणि भिंत उन्हात कमी तापते. स्लॅबच्या खालच्या भागात काँक्रीटला फारसं काम नसतं, तिथे जुनी कौलं बसवायची. सिमेंट, लोखंड आणि भट्टीचं इंधन वाचवणारं हे बांधकाम त्यांनी हवामानबदल हा शब्द घराघरांत पोचण्याआधी कितीतरी वर्षं केलं. १९९३ च्या भूकंपानंतर मल्याळ मनोरमा या दैनिकाने लातूर जिल्ह्यातलं बाणेगाव पुन्हा उभारलं, तेव्हा घरांचे आराखडे बेकर यांचे होते.

इथे पहिला आक्षेप येतो, आणि तो रक्ताने लिहिलेला आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या परिसरात सुमारे आठ हजार माणसं गेली, ती दगड-मातीच्या घरांखालीच. मग स्थानिक सामानाचं गुणगान कोणत्या तोंडाने करायचं? पण ती घरं कशी पडली हे नीट पाहिलं पाहिजे. दोन-अडीच फूट जाडीची भिंत बाहेरून एकसंध दिसायची. प्रत्यक्षात तिचे दोन पदर असायचे, मध्ये गोटे आणि माती भरलेली. दोन्ही पदरांना आरपार बांधणारा दगड बहुतेक घरांत नव्हता. वर माळवदावर दर पावसाळ्याआधी पांढऱ्या मातीचा नवा थर चढत गेलेला. जमीन हादरली तेव्हा पदर सुटले, भिंती ढासळल्या. काही घरांत मात्र लाकडी खांब आणि तुळया तशाच उभ्या राहिल्या. दोष जोडणीत होता आणि माळवदाच्या वजनात होता. आपण शिक्षा मातीला दिली. बावन्न गावं नव्या जागी वसवली गेली आणि सिमेंट म्हणजेच सुरक्षितता हे समीकरण लोकांच्या मनात पक्कं बसलं. मृत्यू डोळ्यांनी पाहिलेल्या माणसाला त्याबद्दल दोष देता येणार नाही. पण ज्या भिंतींनी वैशाखातलं ऊन बाहेर थोपवलं होतं, त्यांचं ज्ञानही ढिगाऱ्याबरोबर टाकून दिलं, ही हानी कुठल्याच पंचनाम्यात आली नाही.

दुसरा आक्षेप मला अधिक गंभीर वाटतो. गरिबाला साधेपणा शिकवणारे तुम्ही कोण? बेकर यांच्यापुरतं उत्तर सोपं आहे: त्यांनी हीच पद्धत तिरुवनंतपुरमच्या सेंटर फॉर डेव्हलपमेंट स्टडीज या संशोधन संस्थेसाठी वापरली आणि स्वतःच्या घरासाठीही. तरीही बाहेरच्या माणसाचा साधेपणा उपदेशच ठरू शकतो. तो टिकतो, तो राहणारे स्वतः ठरवतात तेव्हा. पुनर्बांधणीच्या काळात गावोगावच्या बायकांनी घरदुरुस्तीचा संवाद हाती घेतला आणि त्यांच्या सोबतीने प्रेमा गोपालन यांच्या स्वयम शिक्षण प्रयोग या संस्थेचं काम वाढलं. पुढे दुष्काळात याच भागातल्या स्त्रियांनी घरच्या जमिनीतला एखादा एकर मागून घेतला. त्यावर नगदी पिकाऐवजी कमी पाण्यात येणारी धान्यं, डाळी आणि भाजीपाला लावला. या कामाला २०१७ चा इक्वेटर पुरस्कार मिळाला. क्वेकर हे नाव त्यांना माहीत असण्याचं कारण नव्हतं. पण एकत्र बसून, एकमेकींचं ऐकून, गरज ओळखून निर्णय घेण्याची रीत तीच होती.

एवढ्याने पृथ्वीचा ताप उतरेल का? नाही उतरणार. जगातल्या कार्बन डायऑक्साइडच्या उत्सर्जनात एकट्या सिमेंटचा वाटा सात-आठ टक्के आहे, तिथे एका गावाचा हिशेब कुठे लागायचा! पण मराठवाड्यातल्या भोकरसारख्या तालुक्यात प्रश्न पृथ्वीचा होण्याआधी खोलीचा आहे. मे महिन्यात बाहेर पारा बेचाळीसच्या पुढे जातो, तेव्हा पत्र्याखाली बाळंतीण आणि म्हातारी माणसं कशी राहतात? प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण घरकुलासाठी सपाटीच्या भागात मूळ अनुदान एक लाख वीस हजार रुपयांचं आहे आणि घर लाभार्थ्याने स्वतः बांधायचं असतं. म्हणजे भिंत कशी रचायची हे आजही मालकाच्या हातात आहे. त्याच पैशांत पोकळीची भिंत आणि कौलं भरलेला स्लॅब कसा बसवायचा, दारांच्या वर सगळ्या भिंतींवरून सलग भूकंपपट्टा कसा घ्यायचा, हे तालुक्यातल्या गवंड्यांना शिकवावं. आणि नकाशा मंजूर होण्याआधी त्या घरात राहणाऱ्या बाईला विचारावं.